आधार कार्ड कोणाच्या हातात आहे? लॉज, ट्रॅव्हल्स, भट्टी, कारखाना चालवणाऱ्यांशी बोलायचं आहे

घाटमाथा (सोमवार, रात्री १०:५०)

नमस्कार मंडळी. पुणे–बंगळुरू महामार्गावर, सातारा जिल्ह्यात, आमचं २२ खोल्यांचं लॉज आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी आणि बायको बघतो. चार वर्षं मनात घेऊन फिरतोय ती गोष्ट आज लिहून टाकतो.

पावसाळ्याचे दिवस. रात्री साडेअकराला एक माणूस, एक बाई आणि एक मुलगी आली. बाईनं पर्समधून तीन आधार कार्डं काढून काउंटरवर ठेवली. मुलीच्या कार्डावर वय १९. फोटो इतका पुसट की कोणाचाही म्हणता येईल. मी सहज विचारलं, "नाव काय गं बाळा?" नाव बाईनं सांगितलं. मुलगी माझ्याकडे बघत होती, पण बोलली नाही. मी तीन झेरॉक्स काढल्या, रजिस्टरवर सह्या घेतल्या, त्यातली मुलीची सहीसुद्धा त्या माणसानंच केली. किल्ली दिली.

सकाळी आमचा रूमबॉय म्हणाला, "दादा, त्या पोरीनं पाणी मागायला दार उघडलं तर आतनं तिला ओढून घेतली." मी म्हणालो, घरातलं भांडण असेल, आपण कशाला पडा. ते लोक सहाच्या आत रोख पैसे देऊन निघून गेले होते.

चौथ्या दिवशी दुसऱ्या जिल्ह्यातले पोलीस आले. मुलगी १६ वर्षांची होती, कार्ड तिच्या मोठ्या बहिणीचं. नोकरी लावतो म्हणून घरातून आणली होती. पुढे ती सापडली, एवढं एका हवालदारानं फोनवर सांगितलं, बाकी काही कळलं नाही. आमचं सीसीटीव्ही रेकॉर्डिंग नशिबानं शिल्लक होतं, त्याचा त्यांना उपयोग झाला. पण ती माझ्यापासून तीन फुटांवर उभी होती, आणि मी झेरॉक्स काढत होतो.

त्यानंतर आम्ही एक सवय लावून घेतली. येणाऱ्या प्रत्येक माणसानं स्वतःचं कार्ड स्वतःच्या हातानं द्यायचं आणि स्वतः सही करायची. आजोबा असोत, नवरा-बायको असोत की साहेबलोक, सगळ्यांना एकच नियम, म्हणून कोणाला अपमान वाटत नाही. कार्ड घेताना मी जन्मसाल विचारतो. ज्याचं आहे त्याला सांगायला वेळ लागत नाही. १८ च्या आतलं मूल आई-वडिलांशिवाय असेल तर घरी फोन लावून बोलतो, आणि नंबर सोबतच्या माणसाकडून न घेता मुलाकडूनच घेतो. रेकॉर्डिंग पूर्वी आठ दिवसांत पुसलं जायचं, आता महिनाभर ठेवतो.

तुम्ही काय करता? फक्त लॉजवाल्यांना विचारत नाही. माणूस एका जागेहून दुसऱ्या जागी विकला जातो तेव्हा वाटेत तो तिकीट काढतो, जेवतो, झोपतो, कुठेतरी कामाला लागतो. म्हणजे आपल्यापैकी कोणाच्या तरी काउंटरवरूनच जातो.

दरवळ (सोमवार, रात्री ११:३५)

तुमच्या मनाला लागलं ते समजू शकते. पण भीती अशी वाटते की याच्या नावाखाली लॉजवाले तरुण जोडप्यांना छळतील. लग्नाचा दाखला मागणं, गावचा पत्ता बघून "तुम्ही इथलेच ना" म्हणून हाकलणं, पोलिसांना फोन करण्याची धमकी देणं, हे मी स्वतः सोसलंय. आम्ही दोघं सज्ञान होतो, कार्डं आमची होती. तरी काउंटरवरच्या माणसानं माझ्या वडिलांचा नंबर मागितला.

घाटमाथा (मंगळवार, सकाळी ७:१०)

दरवळ, बरं केलंत लिहिलंत. दोन सज्ञान माणसांना खोली द्यायला कायद्याची कसलीही आडकाठी नाही, लग्न झालेलं असो वा नसो. आम्ही विचारतही नाही. आणि खरं सांगू का, त्या रात्री मी ज्यांना खोली दिली ते "कुटुंब" दिसत होते म्हणूनच दिली. बाई बरोबर आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं मी धरून चाललो. त्याच आठवड्यात एका जोडप्याला मात्र मी परत पाठवलं होतं. माझी नजर चुकीच्या जागी होती. आता नातं काय, हे मी बघत नाही. तिघांतल्या एकाच्या हातात सगळ्यांची कार्डं, सगळ्यांचे फोन आणि सगळे पैसे आहेत का, एवढंच बघतो.

वकील_मावशी (मंगळवार, सकाळी ९:४०)

कायद्याचं थोडं सांगते, कारण धंदेवाल्यांना याची दोन टोकं माहीत असतात: "आपला काय संबंध" किंवा "आपल्यालाच आत टाकतील".

भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ (जुन्या दंड संहितेचं ३७०) म्हणजे मानवी तस्करी. जबरदस्ती, धमकी, फसवणूक, अधिकाराचा गैरवापर किंवा पैशाचं आमिष दाखवून शोषणासाठी माणूस मिळवणं, नेणं, ठेवणं किंवा ताब्यात घेणं, यातलं काहीही. "ठेवणं" हा शब्द लॉजवाल्यांनी आणि खोल्या भाड्यानं देणाऱ्यांनी नीट वाचावा. पीडिताची संमती होती, हा बचाव चालत नाही. एका सज्ञान माणसासाठी ७ ते १० वर्षं, मूल असेल तर १० वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत.

१९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा, पोलीस ज्याला "पिटा" म्हणतात, त्याच्या कलम ७ मध्ये हॉटेलचा परवाना तीन महिने ते एक वर्ष निलंबित करायची तरतूद आहे. अल्पवयीन मुलीचा मामला असेल तर परवाना रद्दही होऊ शकतो.

पॉक्सोबद्दल, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याबद्दल, फारसं कोणाला माहीत नसतं. त्याच्या कलम २० मध्ये हॉटेल, लॉज, क्लब, रुग्णालय, फोटो स्टुडिओ ही नावं घेऊन लिहिलं आहे की मुलाच्या लैंगिक शोषणाचं चित्रण किंवा वस्तू समोर आली तर तिथल्या कर्मचाऱ्यांनी पोलिसांना कळवायचंच. कलम १९ तर प्रत्येकालाच लागू आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद. आणि भीती वाटणाऱ्यांसाठी कलम १९ चं सातवं उपकलम: प्रामाणिक हेतूनं माहिती दिली तर त्याबद्दल तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी, कुठलीच जबाबदारी येत नाही.

मराठीत पोलिसांच्या पाटीवर "अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष" असं लिहिलेलं असतं. अनेकांना ते आरटीओचं कार्यालय वाटतं. तुमच्या जिल्ह्याचा तो कक्ष कुठे आहे आणि तिथला नंबर काय, एवढं आज शोधून ठेवा.

मजला_सात (मंगळवार, दुपारी ३:०५)

मी मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात १८ वर्षं हाउसकीपिंगला होते, शेवटची सहा सुपरवायझर. काउंटरवरच्या माणसाला जे दिसतं ते पाच मिनिटांचं असतं. खोली साफ करणारीला रोज दिसतं.

चार दिवस "डू नॉट डिस्टर्ब" लावलेलं, पण टॉवेल मात्र दिवसातून सहा वेळा मागवतात. ते दाराच्या फटीतून घेतात, आत येऊ देत नाहीत. खोली एकाच्या नावावर, आणि कॉरिडॉरमध्ये वेगवेगळे पुरुष अर्ध्या-अर्ध्या तासानं येऊन जातात. शेजारी दुसरी खोली घेतलेला एक माणूस दार किलकिलं ठेवून बसलेला. कचऱ्यात काय असतं ते इथे लिहीत नाही. मुलीचं सामान म्हणजे एक प्लास्टिकची पिशवी, आणि बाहेर पाऊस असो की थंडी, तेच कपडे. जेवण किती मागवतात तेही बघा. खोलीत तीन माणसं आणि थाळी एकच.

यातलं एक काही दिसलं म्हणून लगेच काही ठरत नाही. चार दिवस बाहेर न पडणारे लेखकही असतात, आजारी माणसंही असतात. पण तीन-चार गोष्टी एकाच खोलीत जमल्या की अंगावर काटा येतो. आमच्या बायकांना हे कुठल्याही ट्रेनिंगशिवाय कळायचं.

मग बोलायच्या का नाहीत? कारण बहुतेकजणी कंत्राटदाराच्या पगारावर. गेस्टनं तक्रार केली तर दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत. एकीनं माझ्याआधीच्या सुपरवायझरला सांगितलं होतं, तर तो म्हणाला, "तुझं काम चादर बदलायचं." ती पुढे कधी काही बोलली नाही. मी तिला तिसऱ्या वर्षी विचारलं तेव्हा तिनं मला त्या खोलीचा नंबरसुद्धा सांगितला, इतका लक्षात होता.

म्हणून मालकांना सांगणं आहे. पोस्टर लावा, पण आधी तिला सांगा की तू चुकीची निघालीस तरी नोकरी जाणार नाही. आणि ती कोणाला सांगेल त्या एका माणसाचं नाव ठरवा, रात्रपाळीसकट. आमच्याकडे रात्रपाळीला असं कोणीच नव्हतं, आणि जे घडायचं ते रात्री घडायचं.

तिकीटखिडकी (मंगळवार, संध्याकाळी ६:२०)

मी खासगी ट्रॅव्हल्सच्या बुकिंग ऑफिसात आहे. आमच्याकडे दिसतं ते असं: एकाच फोन नंबरवरून सहा-सात सीट, सगळी अनोळखी आडनावं, सगळी पोरं १२-१५ ची, आणि सोबत एकच माणूस. पोरांना विचारलं कुठे चाललात, तर गावाचं नाव सांगता येत नाही, "मामांना विचारा" म्हणतात. तो सगळ्यांचा मामा.

दिवाळी-ईदच्या सुट्टीनंतर हे जास्त असतं. जरीकाम, बॅगा, बेकरी, अशा ठिकाणी मुंबईत पोरं उतरवतात. १४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याच कामावर ठेवता येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. ढाबे-हॉटेलांत तर ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. तरी आमची गाडी पहाटे जिथे जेवायला थांबते तिथं ताटं उचलणारा पोरगा दहाचाच असतो. मी दोनदा १०९८ ला, लहान मुलांच्या हेल्पलाइनला, फोन केला. एकदा टीम आली. एकदा ती येईपर्यंत गाडी निघून गेली होती, कारण ड्रायव्हर थांबायला तयार नव्हता.

भुसावळकर (मंगळवार, रात्री ९:१५)

तिकीटखिडकी, तुमची कळकळ खरी आहे, पण आमच्या स्टेशनावर घडलेलं विसरू नका. ३० मे २०२३, दानापूर–पुणे एक्सप्रेस. भुसावळ आणि मनमाडला मिळून ५९ मुलं उतरवली. बिहारची मुलं, सोबत मदरशाचे शिक्षक, सांगलीकडे शिकायला चाललेली. तस्करीचा गुन्हा दाखल झाला, शिक्षक आठवडे-आठवडे तुरुंगात राहिले, मुलं बालगृहात. पुढच्या वर्षी पोलिसांनीच तपासाअंती प्रकरण बंद केलं, गैरसमजातून गुन्हा दाखल झाल्याचं सांगून. त्या आयांनी तिकडे अरारियात ते दिवस कसे काढले असतील!

गरीब माणूस, परकी भाषा, दाढी, घोळका. एवढ्यावर संशय घेतला की असं होतं. खरी टोळी मात्र एसी डब्यात दोन-दोन मुलं वाटून नेते आणि कोणी बघत नाही.

तिकीटखिडकी (मंगळवार, रात्री ९:५०)

मान्य. मी त्या बातमीनंतरच मुलांना गाडीतून उतरवायचं बंद केलं. आता मी एवढंच करतो: गाडी नंबर, सीट नंबर, कुठे उतरणार, आणि मला काय दिसलं ते जसंच्या तसं १०९८ ला सांगतो. "तस्करी आहे" असं म्हणत नाही. "सात मुलं, एक माणूस, मुलांना गाव सांगता येत नाही" असं म्हणतो. घरच्यांना फोन लावून खात्री करून घेणं हे त्यांचं काम, आणि ते त्यांनी मुलांना न घाबरवता करायचं असतं.

कृष्णाकाठ (बुधवार, सकाळी ८:३०)

सांगलीहून लिहितेय. इथे देहविक्री करणाऱ्या बायकांची स्वतःची संघटना आहे, वेश्या अन्याय मुक्ती परिषद, नव्वदच्या दशकापासून. त्या सातत्यानं सांगत आल्यात की सज्ञान बाई स्वतःच्या निर्णयानं या कामात असेल तर तिला "सोडवून" वर्ष-वर्ष सुधारगृहात डांबणं हीसुद्धा एक कैद आहे. १९ मे २०२२ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या समितीची शिफारसही नमूद आहे की स्वेच्छेनं केलेलं हे काम बेकायदा नाही, कुंटणखाना चालवणं बेकायदा आहे, आणि छाप्यात अशा बायकांना अटक किंवा छळ होता कामा नये.

म्हणून हॉटेलवाल्यांनी खोलीत एकटी बाई दिसली, पाहुणे आले, की लगेच धाड बोलावू नये. मजला_सातनं लिहिलेला तो दुसऱ्या खोलीत दार किलकिलं ठेवून बसलेला माणूस, तो महत्त्वाचा. आणि १८ च्या आतली असेल तर मग स्वेच्छेचा प्रश्नच उरत नाही. माझ्या ओळखीच्या बायकांनीच अशा कोवळ्या पोरी आल्या की पोलिसांना कळवलेलं आहे. गल्लीत नवी कोण आली हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार?

वीटमाती (बुधवार, सकाळी ११:००)

सगळे लॉज, गाड्या, पोरी यावर बोलताय. ते महत्त्वाचं आहेच. पण मी पालघर-ठाण्याकडे वीटभट्टी मजुरांमध्ये काम करते, माझे आई-वडील भट्टीवरच राबले. आमच्याकडे माणूस रात्री लपवून नेत नाहीत. दिवाळीनंतर टेम्पो उघड्यावर पाड्यात येतो, गावासमोर, आणि कुटुंबं सामानासकट चढतात. कारण पावसाळ्यात, घरात दाणा नसताना, मालकानं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दिलेली असते. दहा, वीस, पन्नास हजार. आजारपणाला, लग्नाला.

मग भट्टीवर दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी "खर्ची" मिळते, तांदूळ-मीठ-मिरचीपुरती. हजारी विटांचा दर मालक सांगेल तो. हिशेब मेअखेर, आणि वही मालकाकडे. बहुतेक वेळा हिशेबात अजून पैसे फिटायचेच असतात, म्हणजे पुढच्या वर्षी परत यायचं. मध्येच निघून गेलं तर गाडी घेऊन शोधायला येतात. मुलं विटा पलटी करतात, ती मजुरीत धरली जात नाहीत.

२०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यात काय उघडकीला आलं, आठवत असेल. कातकऱ्यांची पोरं मेंढपाळांकडे राबायला दिलेली, बदल्यात थोडे पैसे आणि एखादी मेंढी. एक मुलगी मेली तेव्हा कळलं. जून २०२३ मध्ये धाराशिव जिल्ह्यात विहिरी खोदणारे ११ मजूर पोलिसांनी सोडवले, ठेकेदार रात्री त्यांना साखळीनं बांधून ठेवत होते. एकजण निसटून गावी पोचला म्हणून उजेडात आलं. त्या विहिरी कोणाच्या तरी शेतात होत्या ना? कोणीतरी ठेकेदाराला फुटावर पैसे देत होतं. विटा कोणाच्या तरी बिल्डिंगला लागतात. तो कोणीतरी म्हणजेच इथे वाचणारे धंदेवाले.

साईटवाला (बुधवार, दुपारी १:४५)

मी लहान बिल्डर आहे, बदलापूर-वांगणीकडे चार-पाच मजली कामं करतो. वीटमाती, तुम्ही लिहिलंय ते वाचून जेवण गेलं नाही. पण प्रश्न विचारतो, राग मानू नका. उचल तर सगळीकडे आहे. माझे सेंटरिंगवाले, गवंडी, सगळे उचल घेऊन येतात. मी दिली नाही तर ते दुसऱ्याकडे जातील. आणि अनेकदा उचल घेऊन माणूस पळूनही जातो, ते नुकसान माझं. मग उचल दिली म्हणजे मी गुलाम ठेवले का?

वकील_मावशी (बुधवार, दुपारी ३:२०)

साईटवाला, प्रश्न बरोबर आहे. निव्वळ आगाऊ रक्कम देणं गुन्हा नाही. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यात बघतात ते असं की त्या रकमेच्या बदल्यात माणसानं काय गमावलं. मनाप्रमाणे कुठेही जायची मोकळीक, दुसरीकडे काम धरायची मोकळीक, किमान वेतन, आपला माल बाजारभावानं विकायचा हक्क. चारातलं एक गेलं तरी वेठबिगारी. साखळी लागत नाही. १९८२ च्या एशियाडच्या मजुरांच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवून घेणं हेही घटनेच्या कलम २३ खाली सक्तीचं श्रम आहे, कारण भूकही सक्तीच करते.

आणि मजूर म्हणाला की हे कर्ज वेठबिगारीचं आहे, तर तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर. वेठबिगारी ठरली की ते कर्ज कायद्यानंच संपतं. मुक्तीचा दाखला प्रांत (उपविभागीय अधिकारी) किंवा जिल्हाधिकारी देतात, त्यावर पुनर्वसनाची रक्कम मिळते. त्या दाखल्याशिवाय मजूर सोडवून घरी पाठवला तर महिन्याभरात तो दुसऱ्या भट्टीवर दिसतो.

वीटमाती (बुधवार, दुपारी ४:१०)

राग नाही, साईटवाला. तुमच्या साईटवर तुम्हाला स्वतःलाच तपासता येईल. सेंटरिंगवाला उद्या म्हणाला, "बापू आजारी आहे, गावाला जातो," तर तो जाऊ शकतो का, आणि त्याची बायको-पोरं मागे "राहू दे" म्हणून अडकवली जातात का? त्याच्या हजेरीची वही त्याच्याकडेही आहे का? त्याचं आधार, बँकेचं पासबुक, एटीएम कार्ड मुकादमाकडे "सांभाळायला" तर नाही? पैसे थेट त्याच्या हातात की मुकादमाच्या? बायको काम करते तर तिच्या नावानं वेगळी मजुरी लागते का?

धाग्याचं नाव अगदी बरोबर आहे. मी गेले ते बहुतेक पाडे असेच कळले, कोणाची कार्डं कोणाकडे आहेत हे विचारून.

शेतकी_विभाग (बुधवार, रात्री ८:३०)

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात २६ वर्षं काढली. नाव लिहीत नाही. ऊसतोडीतही हेच आहे, फक्त मोठ्या प्रमाणावर. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल मुकादम देतो, त्याला वाहतूकदार देतो, वाहतूकदाराला कारखाना. करार कारखाना आणि वाहतूकदार यांच्यात. त्यामुळे टोळीत काही झालं की आम्ही म्हणायचो, "ते आमचे कामगार नाहीत." मीही म्हणालोय, लेखी.

बाई बाळंत झाली तरी खाडा धरतात, खाड्याचे पैसे कापतात. पाचटाच्या खोप्या, रात्री-अपरात्री गाडी भरायची. एका हंगामात टोळीतला एकजण पळाला म्हणून त्याच्या भावाला मुकादमानं दोन दिवस कोंडून ठेवलं. मला गट ऑफिसात कळलं. मी मुकादमाला फोन करून सोडायला लावलं आणि विषय मिटवला. पोलिसांत गेलो नाही, कारण हंगाम ऐन भरात होता, गाळप थांबलं असतं. तो माणूस कोंडला होता हे मला माहीत होतं आणि मी त्याला "मिटवणं" म्हणालो.

हेही खरं की कितीतरी वाहतूकदार शेतकरी उचल बुडाल्यानं जमिनीला मुकले, आत्महत्या झाल्या. त्यांच्याबद्दल मला तितकंच वाटतं. पण त्याचा इलाज माणूस कोंडणं नव्हे. कारखान्यानं कामगाराची थेट नोंद करावी, उचल बँकेतून कामगाराच्या खात्यात जावी, आणि मजुरीतून किती फिटली याची पावती दर पंधरवड्याला त्याच्या हातात पडावी. कारखान्याला हे अवघड नाही. उसाच्या प्रत्येक गाडीचं वजन, शेतकऱ्याचं नाव, प्लॉट नंबर, सगळं कॉम्प्युटरवर असतं. तोडणाऱ्याचं नाव तेवढं नसतं.

थेम्सकाठी (गुरुवार, पहाटे २:४०)

लंडनजवळ कपड्यांच्या एका साखळी दुकानाच्या खरेदी विभागात आहे. इथे २०१५ चा कायदा आहे. वर्षाला ३ कोटी ६० लाख पौंडांच्या वर उलाढाल असलेल्या कंपनीनं आपल्या पुरवठ्यात गुलामी नाही ना, यासाठी काय केलं ते दरवर्षी जाहीर करायचं. आम्ही भारतातल्या पुरवठादारांना मोठी प्रश्नावली पाठवतो. सगळ्या उत्तरांत "नाही" येतं. मग आम्ही फाइल बंद करतो.

भारतातही सेबीनं २०२२-२३ पासून बाजारमूल्यानं पहिल्या १००० कंपन्यांना जबाबदारी अहवाल सक्तीचा केलाय, त्यात सक्तीच्या श्रमाचे प्रश्न आहेत. आणि मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं महाराष्ट्रातल्या ऊसतोडीवर लिहिलं तेव्हा मोठ्या शीतपेय कंपन्यांना उत्तर द्यावं लागलंच.

शेतकी_विभाग यांचं शेवटचं वाक्य मी उद्या ऑफिसात भाषांतर करून दाखवणार आहे. आमच्या प्रश्नावलीत सुताचा प्रत्येक लॉट शोधता येतो, शिवणारीचं नाव कुठेच विचारलेलं नाही. शिवाय आम्ही जो भाव आणि जी मुदत देतो, तीत रात्रपाळी केल्याशिवाय माल होतच नाही. प्रश्नावली पाठवणारी मीच, आणि भाव पाडणारीही मीच.

प्रसूतीकक्ष (गुरुवार, सकाळी ७:५५)

नर्सिंग होम हाही धंदाच आहे म्हणून लिहिते. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बाळांच्या विक्रीच्या प्रकरणात सांगितलंय की नवजात बाळाची रुग्णालयातून तस्करी झाली तर आधी त्या रुग्णालयाचा परवाना निलंबित करा. बाळंतिणीऐवजी दुसरीच बाई कागदपत्रांची घाई करत असेल, डिस्चार्जआधीच "बाळ आत्याकडे दिलंय" म्हणत असतील, तर आमच्याकडे आता बाळ आईच्या हातात दिल्याशिवाय गेटपास बनत नाही.

नोकरीकट्टा (गुरुवार, दुपारी १२:३०)

पुण्यात प्लेसमेंटचं काम करतो. "थायलंडला डेटा एन्ट्री, ८० हजार पगार, इंटरव्ह्यू टेलिग्रामवर" अशी जाहिरात आली की थांबा. मुलं बँकॉकला उतरतात, तिथून नदीपलीकडे म्यानमारच्या म्यावाडीत नेतात, पासपोर्ट काढून घेतात आणि ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला बसवतात. मार्च २०२५ मध्ये वायुसेनेच्या दोन विमानांनी अशा ५४९ भारतीयांना परत आणलं. शिकलेली, इंग्रजी बोलणारी मुलं.

परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटाकडे परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो. तो ई-मायग्रेट संकेतस्थळावर बघता येतो, आणि त्याला सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. लाख-दोन लाख मागणारा दिसला की मी उमेदवाराच्या आईवडिलांनाच फोन करतो. माझ्या व्यवसायातले अनेकजण अशा एजंटाला बायोडेटा विकतात, एक नाव म्हणजे काही रुपये. ते बंद झालं पाहिजे, आमच्याकडूनच.

मजला_सात (गुरुवार, दुपारी २:१५)

घाटमाथा, तुमच्या त्या रूमबॉयचं काय झालं? तो अजून तुमच्याकडे आहे का?

घाटमाथा (गुरुवार, दुपारी ४:४०)

आहे. आता रात्रीचा काउंटर तोच बघतो. तुमचं लिखाण त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "दादा, मी तेव्हा तुम्हाला सकाळी सांगितलं, रात्रीच सांगायला पाहिजे होतं, पण तुम्ही झोपेतून उठवल्यावर ओरडता." हे मला चार वर्षांत कळलं नव्हतं. त्याला सांगितलंय, कधीही उठव.

भटारखान्यात आणि स्टाफच्या खोलीत ११२, १०९८, महिला हेल्पलाइन १८१ आणि जिल्ह्याच्या कक्षाचा नंबर मराठी, हिंदी आणि कन्नडमध्ये लावलाय. बायकांच्या बाथरूममध्ये दाराच्या आतल्या बाजूला एक. ती कल्पना बायकोची. तिथे तरी मुलगी एकटी असते.

साईटवाला (गुरुवार, रात्री ९:०५)

वीटमाती, आज सेंटरिंगच्या मुकादमाला विचारलं. नऊ जणांची एटीएम कार्डं त्याच्याकडे होती, रबर लावून, शर्टाच्या खिशात. म्हणाला, "हरवतात हो ती लोकं." मी समोर उभं राहून एकेकाला परत द्यायला लावली. दोघांना स्वतःचा पिन माहीत नव्हता. त्यांना उद्या बँकेत नेतोय.

आता विटा. ज्या भट्टीवरून सहा वर्षं माल घेतो तिथं आजवर आत गेलो नाही, ट्रक इथे येतो, पैसे ऑनलाइन जातात. रविवारी जायचं म्हणतो. मला काय बघायचं ते कळणार नाही. तुम्ही याल का?

वीटमाती (गुरुवार, रात्री ९:३०)

येते. रविवारी नको, तिथला बाजार बुधवारी असतो, खर्ची वाटतात तेव्हा जाऊ, म्हणजे वही बाहेर असते. तुम्ही गिऱ्हाईक म्हणूनच चला, माल बघायला. तिथे कोणाला काही बोलू नका, मजुरांना माझ्यासमोर उभं करून प्रश्न विचारू नका, आपण निघून आल्यावर त्यांना तिथेच राहायचं असतं. गरज वाटली तर दुसऱ्या दिवशी प्रांत ऑफिसात जाऊ, अर्ज मी लिहीन.

आणि मालकाला आधी फोन करू नका.